ऊन मऊ, कातडी निबर?

बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणतात. या बिरुदाचा आम्हा बेळगावकरांना अभिमान आहे, आणि त्याच बिरुदानं आमची एका बाबतीत चांगलीच दिशाभूल केली आहे. वडगाव, शहापूर, खासबाग, कुठंही सनस्क्रीनचा विषय काढून पाहा. उत्तर ठरलेलं असतं : ‘कशाला ओ ते? आपल्याकडं काय सोलापूरसारखं ऊन पडतंय?’ जरा नेट लावला तर दुसरं येतं : ‘आपली कातडी काय गोऱ्या सायबाची आहे?’ आणि तरीही हटला नाहीत तर शेवटचं, ज्यापुढं भले भले गप्प होतात : ‘आमची आजी जन्मभर शिवारात राबली, तिनं कधी काय लावलं?’

हा झाला पूर्वपक्ष. तो अडाण्यांचा आहे असं समजू नये. इंजिनिअर झालेली मुलं, शाळामास्तर, इतकंच काय, सनस्क्रीन विकणारे औषध दुकानदारसुद्धा खासगीत हेच बोलतात. शिवाय त्याच्या तिन्ही अंगांत थोडं थोडं तथ्य आहे. नुसता खुळचटपणा असता तर खंडनाची तसदी घ्यायचं कारण नव्हतं.

पहिलं अंग हवेचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, पश्चिमेकडून घाटावरचा वारा येतो, एप्रिलातही संध्याकाळ सुखाची जाते. म्हणून ऊन मऊ. आता चूक कुठं होते ते पाहा. अंगाला जी झळ लागते ती हवेची आणि उन्हातल्या दृश्य व अवरक्त किरणांची. कातडीचा रंग बदलणारे, तिच्या पेशींतल्या डीएनएला इजा करणारे अतिनील किरण मात्र अंगाला कळतच नाहीत. त्यांना ना ऊब ना चटका. चटका जाणवतो तो काही तासांनी, कातडी लाल झाल्यावर, आणि सावळ्या अंगावर ती लाली दिसतही नाही. म्हणजे गार वाऱ्यानं ऊन कमी होत नाही, उन्हाची सूचना तेवढी बंद होते. सोलापूरचा माणूस झळ लागली की आपसूक सावली गाठतो. आपण चन्नम्मा सर्कलला तासभर गप्पा मारत उभे राहतो.

अतिनील किरण किती येणार हे तापमानावर नव्हे, मुख्यतः सूर्य किती उंच आहे यावर ठरतं. बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथं नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडात जाते. हा मध्यान्ह घड्याळात बाराला नसतो, साडेबाराच्या मागंपुढं असतो, कारण आपलं घड्याळ बेळगावच्या बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. कॉलेज सुटायची, दुपारच्या पाळीला निघायची वेळ हीच. त्यात उंचीची भर : दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ज्या उंचीमुळं आपली हवा गार, तीच उंची किरण थोडे वाढवते. ज्या गोष्टीचा पूर्वपक्ष पुरावा म्हणून देतो ती त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. जुने नैयायिक अशा हेतूला ‘विरुद्ध’ म्हणत.

‘उन्हाळ्याचं सोडा, थंडीत तरी?’ असं कुणी विचारील. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, बेळगावचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळपास ५१ अंश वर असतो. लंडनमध्ये तेवढा वर यायला त्याला एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो. याची खातरजमा करायला उपकरण लागत नाही. मोकळ्यावर उभं राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि किरण जोरात आहेत. ऐन थंडीतल्या स्वेटरच्या दिवसांतही इथं दुपारची सावली आखूडच पडते. ढगांचं म्हणाल, तर पातळ ढग फारसं काही अडवत नाहीत. दाट, काळे, धो धो कोसळणारे मात्र बरंच अडवतात. आषाढात मंगाई देवीच्या यात्रेला छत्री घेऊन निघालेल्या माणसाला सनस्क्रीनचा उपदेश करणं हा अतिरेक आहे, आणि तो जाहिराती सर्रास करतात.

दुसरं अंग कातडीचं, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण या मुद्द्यात तथ्यही सगळ्यात जास्त आणि घोटाळाही सगळ्यात जास्त.

सावळ्या कातडीत मेलॅनिन अधिक, त्याचे कण मोठे आणि विखुरलेले. ते किरण शोषून घेतात. याचं मोजमापही झालेलं आहे. १९७९ साली अमेरिकेत कायदबी आणि सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय माणसांच्या बाह्यत्वचेतून अतिनील किरणांतले यूव्हीबी किती पार होतात ते तपासलं. गोऱ्या त्वचेचं अंगभूत संरक्षण सरासरी ३.४ पट, काळ्या त्वचेचं १३.४ पट. आपण सावळे-गव्हाळ लोक या दोहोंच्या मध्ये कुठंतरी. तेव्हा ‘आपल्या कातडीत काहीतरी आहे’ हे खरं. ‘म्हणून आपल्याला काही होत नाही’ हे त्यातून निघत नाही. काळ्या कातडीलाही सरासरी तेरा-चौदापटींच्या वर निसर्ग देत नाही, आणि तेही यूव्हीबीपुरतं. अतिनीलातले दुसरे, यूव्हीए, खोलवर जातात, काचेतूनही जातात.

पूर्वपक्षाला एक गुण मात्र मोकळ्या मनानं द्यायला हवा. सनस्क्रीनमुळं त्वचेचा कर्करोग टळतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या नंबोर या गावचा. १९९२ ते १९९६ या काळात तिथल्या १६२१ लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत एका प्रकारचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. पुढं कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा मेलॅनोमा हा जीवघेणा कर्करोगही जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. प्रयोग उत्तम. पण ती सगळी माणसं गोऱ्या वंशाची, आणि ऊन क्वीन्सलंडचं. सावळ्या लोकांत मेलॅनोमा मुळात विरळा, आणि होतो तो बहुतेकदा तळपायाला, नखाखाली, म्हणजे जिथं ऊन पोचतच नाही. कर्करोगाची भीती घालून वडगावच्या पोरींना ट्यूब विकणं हे नंबोरचा निष्कर्ष उचलून भलत्याच ठिकाणी चिकटवणं आहे. जन्मतः रंगद्रव्य नसलेले लोक याला अपवाद. त्यांच्यासाठी ऊन खरोखरच धोक्याचं आहे.

मग आपल्या कातडीला होतं तरी काय? गोऱ्याची कातडी भाजते आणि सुरकुतते, आपली डागाळते. गालावर फुलपाखरासारखे पसरणारे वांग, मुरूम बसल्यावर महिनोन्‌महिने राहणारे काळे ठिपके, कपाळाच्या कडेनं आणि मानेवर येणारा करडा काळेपणा. वांग गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो, आईकडूनही येतो. पण त्याला पोसतं ऊन. बायका महिनोन्‌महिने औषध लावून तो उतरवतात आणि एका लग्नसराईत तो परत येतो. २०१० साली एक महत्त्वाची गोष्ट प्रयोगानं दाखवली गेली : नुसत्या दृश्य प्रकाशानं, म्हणजे अतिनील नसलेल्या साध्या उजेडानंही, सावळ्या कातडीत टिकाऊ काळेपणा येतो, गोऱ्या कातडीत तो आलाच नाही. म्हणजे ज्या मेलॅनिनच्या भरवशावर आपण निर्धास्त आहोत, त्याच्यामुळंच आपल्याला असा एक त्रास आहे जो गोऱ्याला नाही. ‘सनस्क्रीन गोऱ्यांसाठी’ या सिद्धान्ताची इथं पुरती वासलात लागते.

या वांगापायी आणखी एक दुर्दैव घडतं. गोरं होण्याचं म्हणून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणायचं आणि वर्ष वर्ष लावायचं. कातडी पातळ होते, लाल होते, आणि मग साधं कोवळं ऊनही सोसवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली. ती यादी दुकानाच्या काउंटरवर कितपत पोचली, हे ज्यानं त्यानं आपल्या गल्लीत पाहावं.

शेतकऱ्याचा विकार वेगळा. काँग्रेस गवत बांधाबांधावर माजलेलं आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे तण आता कुठं नाही? त्याची धूळ चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोबणीत बसते आणि खाज सुटते. काही जणांत वर्षानुवर्षांनी हा त्रास वळण बदलतो. कातडी उन्हालाच चिडते, जाड आणि काळी पडते, आणि घरात बसूनही बरं वाटत नाही. हा सावळ्या माणसाचाही, बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या शेतकऱ्याचा आजार आहे. त्याला ‘तुझी कातडी निबर आहे’ म्हणून कोण सांगणार?

आता आजी. आजीनं काही लावलं नाही हे खरं. पण आजीनं काय काय केलं हेही सांगा की! डोक्यावरून पदर, वर टॉवेलाची चुंबळ, हातभर बांगड्या आणि कोपरापर्यंतचा खण. दिवस उगवायच्या आत शिवारात आणि ऊन चढलं की झाडाखाली भाकरी. पुरुषाचा पटका आणि खांद्यावरची घोंगडी. तिच्या नातीचं वेळापत्रक असं : वडगावातून साडेबाराला स्कूटर काढायची, नाथ पै सर्कल, गोवावेस करत आरपीडी कॉलेज गाठायचं, सिग्नलला थांबायचं, आखूड बाह्यांत. आजीला उदाहरण म्हणून उभं करायचं तर तिच्या पदरासकट आणि तिच्या वेळेसकट करावं लागेल. आणि आजीचा चेहरा रापला नव्हता असं तरी कोण म्हणतं? रापला होता, तिनं तक्रार केली नाही, एवढंच. उन्हाचा हिशेब पाहायचा तर २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो आठवावा. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा डावा, खिडकीकडचा गाल उजव्याच्या मानानं केवढा तरी म्हातारा. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो. लाल बसच्या जुन्या चालकाचा उजवा हात डाव्याशी ताडून पाहिला की सावळ्या कातडीचाही पुरावा मिळतो.

पूर्वपक्ष इथं पडला. पण मंडनाकडं वळायच्या आधी दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेणं भाग आहे. हा नवा संप्रदाय : ‘आम्ही लावतो की! एसपीएफ ५०.’ दिवसाला मटारएवढा थेंब, सकाळी पावडरच्या आधी, एकदाच. हे लोक पहिल्या पक्षाला हसतात. माझ्या मते दोघांची चूक मुळात एकच आहे. दोघांनाही सनस्क्रीन हे चेहऱ्याचं क्रीम वाटतं. म्हणून एक जण ते चोचला म्हणून टाकतो आणि दुसरा क्रीमसारखं चोळतो. यात सगळा दोष लोकांचा नाही. १९७५ पासून गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमनं आपल्याला चिमूटभर घेऊन गालावर जिरवायची सवय लावली. २०२०मध्ये त्या क्रीमचं नाव बदललं, बोटांची सवय तीच राहिली. आपला कायदाही सनस्क्रीनला सौंदर्यप्रसाधनच मानतो. अमेरिकेत ते औषधात मोडतं.

आणि ते औषधासारखंच मापानं घ्यायला हवं. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, प्रयोगशाळेत काढतात तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर देतात. माणसं प्रत्यक्षात त्याच्या पाव ते निम्मा थर लावतात असं वारंवार आढळलं आहे. थर निम्मा झाला की संरक्षणही निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. चेहरा आणि मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढली की ते माप होतं. आता हिशेब करा. पन्नास ग्रॅमची ट्यूब या मापानं रोज एकदा लावली तर चाळीस दिवस जाईल, दोनदा लावली तर वीस. ज्या घरात एक ट्यूब सहा महिने पुरते तिथं रोज पाव ग्रॅमच्या किंचित वर खर्च होतोय, म्हणजे मापाचा सुमारे चौथा हिस्सा. आणि ती दोघी बहिणींत असेल तर आठवा. त्यावर ‘सनस्क्रीन लावूनही मी काळवंडलेच’ ही तक्रार!

आकड्यांच्या शर्यतीबद्दलही बोलायला हवं. एसपीएफ ३० मापात लावलं तर तिसांतला एक भाग आत जातो, ५० मध्ये पन्नासांतला एक. फरक आहे, पण ५० चं पाव माप लावण्यापेक्षा ३० चं पुरं माप कितीतरी बरं. त्यात छापील आकडा खरा असेल याचीही खात्री नाही. २०२५ साली ऑस्ट्रेलियात ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेनं २० सनस्क्रीनं तपासून घेतली. १६ लेबलवरच्या आकड्याला उतरली नाहीत आणि पन्नासच्या वर दावा करणाऱ्या एकाचं माप ४ भरलं. तिथं नियम कडक असताना ही गत. म्हणून आकड्याच्या मागं धावण्यापेक्षा ३० किंवा त्यावरचं काहीही, पीएपुढं निदान तीन अधिकचिन्हं (यूव्हीए अडवण्याची ही जपानी खूण) आणि जे चेहऱ्यावर सोसतं ते घ्यावं. वांग असेल तर मात्र निवड बदलते. तिथं दृश्य प्रकाशही अडवायचा असतो, आणि ते काम आयर्न ऑक्साइड घातलेली, मातकट रंगाची सनस्क्रीनं करतात. पारदर्शक, ‘लावल्याचं कळतसुद्धा नाही’ अशी जाहिरात असलेली ट्यूब वांगाला अर्धीच उपयोगाची. झिंक ऑक्साइडवाल्यांनी चेहरा पांढुरका होतो ही तक्रार खरी आहे. त्यावरही रंगाचीच मात्रा लागू पडते.

पुन्हा लावण्याचं काय? ‘दर दोन तासांनी’ हा मंत्र सगळ्यांना पाठ झालाय आणि पाळत कुणीच नाही, कारण त्यामागचं कारण कुणी सांगितलेलं नाही. सनस्क्रीन काही घड्याळ पाहून विरत नाही. काही घटक उन्हात मोडतात हे खरं, पण मुख्यतः ते घामानं वाहतं, रुमालानं, पदरानं, हेल्मेटच्या अस्तरानं पुसलं जातं. तेव्हा घाम आला, तोंड धुतलं, पुसलं, की घड्याळ न पाहता पुन्हा लावावं. दिवसभर ऑफिसात किंवा वडगावच्या विणकराच्या मागाच्या खोलीत, खिडकीपासून दूर बसलेल्यानं दर दोन तासांनी लावणं हा निव्वळ पैशाचा नाश आहे. बाहेर पडताना लावलं की पुरे. आणि एक गोष्ट जाहिरातींत कधी ऐकू येत नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन डिफी यांनी २००१ साली हिशेब मांडून दाखवलं की उन्हात गेल्यावर पहिल्या पंधरा-तीस मिनिटांत दुसरा हात फिरवला तर दोन तासांनी लावण्यापेक्षा फायदा जास्त. साधं आहे : पहिल्या हातात राहिलेल्या फटी दुसऱ्या हातात बुजतात. घरी एकदा, कॉलेजात पोचल्यावर एकदा, असं केलं तरी निम्मी लढाई झाली. फक्त ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. तिथल्या तापमानात ती नासते.

ड जीवनसत्त्वाचा आक्षेप दोन वाक्यांत. तोंडाला सनस्क्रीन लावणारी माणसं ड जीवनसत्त्वाला मुकतात असं रोजच्या वापराच्या बहुतेक प्रयोगांत आढळलेलं नाही, कारण पुरं माप लावतंच कोण, आणि हातपाय उघडेच असतात. ज्यांच्यात कमतरता आहे ते बहुतेक उन्हात न जाणारे लोक, सनस्क्रीन लावणारे नव्हेत.

खरा, वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो माझ्या मते सनस्क्रीनवाल्यांना निरुत्तर करतो. आपल्याच जिल्ह्यातल्या निपाणी भागात विडीची तंबाखू उन्हात वाळवतात. जानेवारी-फेब्रुवारीत तोडायची, पसरायची, उलटायची, बांधायची. बायका दिवसभर उघड्यावर. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या आंदोलनात इथल्या तंबाखूच्या दराचा प्रश्न देशभर गाजला, पण उन्हात राबणाऱ्या बाईच्या कातडीचा हिशेब कुणाच्याच मागणीपत्रात नव्हता. या बाईनं तोंड, मान, हात, पावलं मापात झाकायची म्हटली तर एका वेळेला दहा-बारा ग्रॅम लागेल, घामानं जाईल म्हणून दोन-तीनदा. दोन दिवसांत ट्यूब संपेल आणि मजुरीतला मोठा वाटा त्यातच जाईल. तिला सनस्क्रीनचा उपदेश करणं क्रूरपणा आहे. तिला हवं कापड. पुऱ्या बाह्यांचा शर्ट साडीवर घालायची रीत तिनंच काढली आहे, डॉक्टरांनी नव्हे.

कापडाचंही माप आहे. ऑस्ट्रेलियानं आणि न्यूझीलंडनं १९९६ साली त्याचं मानक ठरवलं; तिथं कापडावर एसपीएफसारखाच यूपीएफ छापतात. विणकराच्या गावाला ते समजावायला नको. वीण जितकी घट्ट तितकं ऊन कमी. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा यूपीएफ पाच ते दहाच्या घरात, आणि ते भिजलं की आणखी खाली. गडद रंग फिक्यापेक्षा बरा. पॉलिस्टरचा धागा यूव्हीबी सुताहून जास्त शोषतो, म्हणून ज्या कृत्रिम धाग्याच्या साड्यांना आपण नाकं मुरडतो त्या या एका परीक्षेत पांढऱ्या मलमलीला मागं टाकतात. घामाचं काय, हा प्रश्न उरतोच. तिथं घट्ट विणीचं गडद सूत बरं.

‘मग सगळ्यांनी कापडच गुंडाळावं, ट्यूब कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. स्कूटरवर स्कार्फ बांधणाऱ्या मुली नेमकं तेच करतात, आणि लोक त्यांची टिंगल करतात ती अज्ञानानं. आजीच्या पदराचा वारसा त्यांच्याकडं आहे. पण स्कार्फ वर्गात काढावा लागतो, बसस्टॉपवर ढिला होतो, नाक आणि गालाची हाडं, म्हणजे वांगाची नेमकी जागा, उघडी राहते. तेवढ्या जागेला दोन बोटांची ट्यूब, बाकीच्याला कापड, असा वाटा पडला की एक ट्यूब परवडणाऱ्या घरातही माप पुरं लावता येतं. स्कार्फ घेताना दुकानात तो उजेडासमोर धरून पाहावा. पलीकडचा दुकानदार स्पष्ट दिसत असेल तर दुसरा काढायला सांगावा.